जानेवारीत गाव रिकामं असतं



पाडवा झाला. टोळ्या परत यायल्यात. नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याला रात्री उभं राहिलं तर दिसतंय. ट्रक, ट्रॅक्टर, त्यावर पत्रे, बांबू, चुली, कोंबड्या, अंथरुणं, आणि त्या सगळ्याच्या बेचक्यात झोपलेली लेकरं. कोणी इथं लोहा-कंधारच्या माळावरच्या वाड्या-तांड्यांत उतरतो, कोणी पुढं नांदेडवरून किनवट-माहूरच्या जंगलातल्या गावाला जातो. पाच महिने ज्या दारांना कुलूप होतं ती दारं आता उघडायलीत. म्हाताऱ्यांच्या तोंडावर जरा कळा आलीय. माळेगावच्या खंडोबाची यात्रा झाली, येळवस झाली, संक्रांत झाली, शिवरात्र झाली. यातलं काहीच या माणसांनी बघितलं नाही.

या वेळचं संपादकीय आम्ही जमिनीवर लिहिणार होतो. पण जानेवारीत एक गोष्ट घडली, ती अजून डोक्यातून जात नाही.

आपल्या काही गावांत ‘सुरक्षित हंगामी स्थलांतर’ या नावाचा एक प्रकल्प चालू आहे. संस्थेचं नाव लिहायची गरज नाही, ज्या त्या गावाला माहीत आहे. त्याचं काम कसं झालं हे तपासायला जानेवारीत शहरातून माणसं आली. त्याला ते संनियंत्रण आणि मूल्यमापन म्हणतात. संनियंत्रण म्हणजे काम चालू असताना मधून मधून बघणं, मूल्यमापन म्हणजे शेवटी हिशोब लावणं की या कामानं काही फरक पडला का. वाईट शब्द नाहीत. पीक उगवलं का हे आपणही बांधावरून बघतोच, आणि खळ्यावर मोजतोच.

पण आले कधी, तर जानेवारीत! स्थलांतर करणाऱ्या माणसांना प्रश्न विचारायला आले तेव्हा माणसं स्थलांतरावर होती. गावात म्हातारे, दोन बाळंतिणी, आजीजवळ ठेवलेली लेकरं आणि कुत्री. आलेली पोरं-पोरी चांगली होती, बोलायला नम्र होती, उन्हात हिंडली, पाणी मागून प्याली. त्यांचा दोष नाही, त्यांना ज्यांनी तारीख दिली त्यांचा आहे. त्यांनी एका म्हातारीला विचारलं, मावशी, प्रकल्पामुळं तुमच्या कुटुंबाच्या स्थलांतरात काय बदल झाला? म्हातारी म्हणाली, “बाप्पा, ज्यांना इचारायचं ते फडात हायत. मला इचारून काय व्हतंय? माझं गुडघं दुखायलं, तेवढं लिवा.”

लिहून घेतलं का माहीत नाही. फॉर्ममध्ये गुडघ्याचा रकाना नसावा.

फॉर्ममध्ये काय होतं ते आम्ही बघितलं. प्रशिक्षण किती झाली, किती लोक हजर होते, ओळखपत्रं किती निघाली, ई-श्रमची नोंदणी किती, मदतीचा फोन नंबर माहीत आहे का, भित्तीपत्रक लावलं का. सगळ्यांपुढं ‘होय’. खोटं नाही त्यात काही. प्रशिक्षण झालं होतं, पोळ्याच्या आसपास, चहा-पोहे होते, आम्हीही बसलो होतो. ओळखपत्रं निघाली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून माणसं फडावर गेली, कारण तिकडं हरवलं तर काय घ्या. मदतीचा नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावला आहे. ज्याला तो नंबर लागणार तो तिथून तीन-चारशे किलोमीटरवर उसात उभा आहे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची सांगायला पाहिजे, नाहीतर आमचंही मूल्यमापन एकतर्फी होईल. त्याच प्रकल्पातल्या एका कार्यकर्त्यानं स्वतःचा नंबर टोळीतल्या बायांना पाठ करायला लावला होता. डिसेंबरात एका बाईला रात्री कोपीवर कळा सुरू झाल्या. मुकादम म्हणत होता सकाळी बघू. तिच्या जावेनं तो पाठ केलेला नंबर लावला, तिकडच्या सरकारी दवाखान्याची गाडी आली, आई आणि लेक दोघी नीट आहेत. ही गोष्ट अहवालात यायला पाहिजे. पण हे झालं कशानं? भित्तीपत्रकानं झालं नाही. एक माणूस रात्री फोन उचलायला तयार होता म्हणून झालं. त्याचा रकाना कोणत्या फॉर्ममध्ये आहे?

आता आपल्या हिशोबाकडं येऊ. कोणतंही स्थलांतर सुरक्षित होतं का नाही, हे बघायची पहिली जागा म्हणजे उचल. २०२४ च्या जानेवारीत पुण्याला करार झाला आणि ऊसतोडणीचा दर २७३ वरून ३६६ रुपये टन झाला, मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं. ३४ टक्के वाढ, पेपरात मोठी बातमी होती. ती वाढ लढून मिळाली, त्याबद्दल वाद नाही. पण आपण बोटावर मोजून बघू.

समजा एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायको दोघांनी, एक लाख उचल घेतली. ३६६ च्या दरानं लाख फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडतात असं धरू. आजारी नाही पडले, लेकरू नाही पडलं, गाडी वेळेवर आली, पाऊस नाही आला, तर १३७ दिवस लागतात. २०२४-२५ च्या हंगामात कारखान्यांना परवानगी १५ नोव्हेंबरची होती. त्या दिवशी पहिला घाव घातला असता तरी एकही खाडा न करता ३१ मार्च उजाडला असता. आणि त्या हंगामात पट्टा कधी पडला? बरेच कारखाने फेब्रुवारी-मार्चातच बंद झाले. शंभर दिवस धरले तर दोनशे टन, ७३ हजार २०० रुपये. लाखातले २६ हजार ८०० अंगावर राहिले. यात आठवड्याच्या बाजाराला मुकादमाकडून घेतलेले पैसे धरलेच नाहीत. खाड्याचे धरले नाहीत, एक दिवस पडलं की पाचशे-हजार जे लावेल ते. म्हणजे माणूस पाच महिने राबून घरी येतो तो कर्ज घेऊन, आणि ते कर्ज त्याला पुढच्या दिवाळीला परत त्याच गाडीत बसवतं.

असं झालं तर ‘सुरक्षित’ कशाला म्हणायचं? कोपीवर सौरदिवा होता म्हणून?

१९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आपण सगळ्यांनी शिबिरात वाचला आहे. उचलीपोटी माणसाची दुसरीकडं जायची मोकळीक गेली, किंवा किमान वेतनाहून कमी पैशात राबावं लागलं, तर ती वेठबिगारी होते, आणि तसं ठरलं की ते कर्ज कायद्यानं रद्द होतं. जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समित्या असायला पाहिजेत असंही त्यात आहे. जे कर्नाटकात किंवा तेलंगणात जातात त्यांच्यासाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. पाच किंवा जास्त माणसं दुसऱ्या राज्यात नेणाऱ्या ठेकेदारानं फोटोसकट पासबुक द्यायचं, जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा, असं त्यात होतं. आम्ही या वर्षी परत आलेल्या माणसांना विचारतोय, असलं पासबुक हातात घेतलेलं कोणी आहे का. अजून एकही भेटला नाही. वीटभट्टीवर गेलेल्यांनाही विचारायचं राहिलं आहे, या अंकानंतर विचारू.

आता कोणी म्हणेल, मग जाताच कशाला? गावात रोजगार हमी आहे की. बघू तेही. दोन टनाला दोन माणसं, म्हणजे माणशी दिवसाचे ३६६ रुपये, पहाटे चारपासून अंधार पडेपर्यंत, आणि रात्री गाडी आली तर भरायला परत उठायचं. रोजगार हमीची मजुरी २०२५ च्या १ एप्रिलपासून ३१२ झाली होती. फरक ५४ रुपयांचा. ५४ रुपयांसाठी कोणी लेकरांना घेऊन उसाच्या पाचटावर झोपायला जात नाही. माणूस जातो तो एकरकमी उचलीसाठी. पोळा ते दसरा या दिवसांत घरात दवाखाना निघतो, पोरीचं लग्न निघतं, पेरणीचं देणं असतं, आणि त्या वेळी लाख-दीड लाख रुपये रोख घेऊन दारात येणारा एकच माणूस असतो, तो मुकादम. बँक येत नाही, सोसायटी येत नाही. रोजगार हमीचे पैसे हजेरीपट संपल्यावर पंधरा दिवसांत यायला पाहिजेत, येतात कधी ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून प्रकल्पवाल्यांना आमचा पहिला प्रश्न हा आहे. तुमच्या गावांत उचलीचा आकडा वाढला का कमी झाला? किती घरांची मागची बाकी फिटली? किती घरांनी भादव्यात नमुना ४ भरून कामाची मागणी केली, पावती घेतली, आणि पंधरा दिवसांत काम मिळालं? किती घरांनी या वर्षी ‘आम्ही जात नाही’ असं म्हणायची हिंमत केली? हे मोजलं तर कळेल प्रकल्प झाला का नाही. प्रशिक्षणाची हजेरी मोजून चहाचा खर्च कळतो.

बायांचं वेगळं लिहितो, कारण फॉर्ममध्ये त्यांचं वेगळं काही नव्हतं. ‘कुटुंब’ म्हणून एकच रकाना. कोयता म्हणजे जोडी, अर्धा कोयता म्हणजे बाई, आणि पैसे मात्र पूर्ण नवऱ्याच्या हातात. उचल घेताना तिला विचारत नाहीत, फेडताना ती बरोबरीनं वाकते, आणि वर स्वयंपाक, पाणी, लेकरं. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ ला बाहेर आलं तेव्हा सरकारच्या पाहणीत ८२ हजार ३०९ बायांपैकी १३ हजार ८६१ बायांची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली निघाली. पाळीत सुट्टी घेतली की खाडा, दुखणं काढलं की खाडा, म्हणून पिशवीच काढून टाका. असा हिशोब माणसानं बाईच्या अंगावर केला. आपल्या गावांत असं काही नाही असं आम्ही म्हणणार होतो. मग आमच्यातल्या दोघी घरोघरी बसल्या, चुलीजवळ, पुरुष बाहेर असताना. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, आपण असं म्हणायला नको. आकडा आम्ही देत नाही, तो बायांचा आहे, त्या ठरवतील तेव्हा देऊ.

आणि लगीन. जोडी झाली की कोयता होतो, कोयता झाला की उचल मिळते. म्हणून टोळी जायच्या आधी घाईनं लावलेली लग्नं आपण सगळ्यांनी जेवली आहेत. पोरगी नववीत होती का दहावीत हे पंगतीत कोणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नाही. प्रकल्पाच्या अहवालात ‘बालविवाहाबाबत जनजागृती : होय’ असं आहे.

लेकरांसाठी कागदावर बरंच आहे. हंगामी वसतिगृह आहे, शिक्षण हमी पत्रक आहे, ते घेऊन गेलं तर तिकडच्या शाळेनं बसवून घ्यायला पाहिजे. ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना २०२१ ला निघाली. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, त्याला कारखान्यानं टनामागं दहा रुपये द्यायचे आणि सरकारनंही तेवढेच घालायचे. ऊस आपण तोडतो, प्रत्येक टनामागं वीस रुपये आपल्या नावानं जमा व्हायचे आहेत. वर ज्या जोडीचे दोनशे टन धरले तिच्या नावानं एका हंगामात चार हजार झाले. ते तिच्यापर्यंत कोणत्या रूपानं पोचले, हे विचारणं म्हणजेही मूल्यमापन. ते करायला पुण्या-मुंबईची पदवी लागत नाही.

आता जमिनीचं. आपली संघटना जमिनीची आहे आणि आम्हाला सगळ्यात जास्त बोचलं ते इथं. त्या फॉर्ममध्ये जमिनीचा एकही प्रश्न नव्हता. जंगलातल्या गावातलं घर पाच महिने बंद राहतं तेव्हा त्या घराच्या जमिनीचं काय होतं, हे ‘सुरक्षित स्थलांतर’ या शब्दात बसतच नाही असं दिसतंय.

काय होतं ते तुम्ही बघितलं आहे. वनहक्क कायद्याप्रमाणं ग्रामसभेला निम्मी माणसं पाहिजेत, त्यात एक तृतीयांश बाया पाहिजेत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला आपल्या गावात निम्मी माणसं येणार कुठून? दाव्याच्या जागेची पाहणी करायला साहेब थंडीत येतात, तेव्हा रस्ते कोरडे असतात. दावेदार उसात. पंचनाम्यावर ‘दावेदार गैरहजर’. दावा फेटाळला तर ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडं आणि उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडं दाद मागायला ६० दिवस असतात. डिसेंबरात आलेल्या कागदाचे साठ दिवस फेब्रुवारीत संपतात. पट्टा पडायच्या आधी. कारखान्याचा पट्टा पडला की माणूस घरी येतो, आणि घरी येऊन बघतो तर जमिनीचा पट्टा गेलेला.

आठवा २०१९. १३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला, आणि देशभर आदिवासी उठले तेव्हा २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती आली. त्या पंधरा दिवसांत आपली किती माणसं गावात होती? मोर्च्याला आम्ही म्हातारे नेले होते. २०२२ च्या दिवाळीनंतर गायरानावरचं अतिक्रमण हटवायच्या नोटिसा निघाल्या, लोहा-कंधारच्या माळावर १९९१ च्या शासन निर्णयाच्या भरवशावर बसलेल्या घरांनाही धडकी भरली. तेव्हाही टोळ्या जाऊन पंधरा दिवस झाले होते. नोटिसा कुलपाला वाचता येत नाहीत.

काही ठिकाणी तर उलटंच विचारतात. १३ डिसेंबर २००५ ला जमीन तुमच्या ताब्यात होती म्हणता, पण डिसेंबरात तुम्ही गावात होता का? बिचारा माणूस घाबरून गप्प बसतो. तर गप्प बसू नका. हंगामी मजुरीला गेला म्हणून हक्क जातो असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. खरीप त्यानं पेरलं, काढलं, आणि पोट भरत नाही म्हणून चार-पाच महिने गेला, तर त्याचं गाव तेच आणि जमीन तीच.

इथं आमचीही चूक सांगायची आहे. एका घराचं फेटाळल्याचं पत्र डिसेंबरात आलं. घराला कुलूप. शेजारणीनं घेतलं आणि पावसाचं नको म्हणून आढ्याला पत्र्याखाली खोचून ठेवलं. तिचं काय चुकलं? तिला वाचता येत नाही. त्याच आठवड्यात आम्ही त्या गावात सभा घेतली, भाषणं केली, घोषणा दिल्या, वनहक्क समितीच्या वहीत त्या घरापुढं ‘गैरहजर’ लिहिलं आणि निघून आलो. शेजारणीला विचारलं नाही. ते कुटुंब मार्चात आलं तेव्हा मुदत गेली होती. आता उशीर माफ करा असा अर्ज लिहून बसलोय. त्या घरातली बाई आम्हाला एवढंच म्हणाली, “तुमी आलता म्हनं गावात.” त्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. बाहेरच्यांनी जानेवारीत फॉर्म भरला म्हणून आम्ही हसलो, आणि आमचीही वही जानेवारीतच भरलेली होती.

दुसरंही कबूल करावं लागेल. आम्ही इतके दिवस सभेत म्हणायचो, जमीन मिळाली की स्थलांतर थांबतं. पट्टा मिळालेली घरंसुद्धा यंदा गाडीत बसली. दोन-अडीच एकर मुरमाड, पाणी नाही, वरून रानडुकरं. पट्टा दोघांच्या नावानं आहे, वारसाला जातो, पण विकता येत नाही, आणि बँकेच्या साहेबाला तो कागद दाखवला तर तो उलटासुलटा करून परत देतो. म्हणजे जमीन पाहिजेच, पण तिच्या मागं बांधबंदिस्ती, विहीर, पीककर्ज आलं नाही तर उचल येतेच. पट्टेधारक घरातून किती माणसं गेली, हा रकाना आपल्या वहीत पहिला घालायचा असं ठरलं आहे. उत्तर आपल्याला आवडणार नाही बहुतेक.

तर वही. लोह्याच्या बैठकीत यावर दिवसभर बोलणं झालं. भांडणंही झाली. प्रत्येक ग्रामसभेनं स्वतःची स्थलांतराची वही ठेवायची. दोनशे पानी रेघांची पुरते. जायच्या आधी लिहायचं, कोण जातंय, कुणाच्या टोळीत, कोणत्या कारखान्याला किंवा भट्टीला, उचल किती, मागची बाकी किती, लेकरं सोबत का घरी, म्हाताऱ्यांना कोण बघणार. जमिनीचा दावा कुठं अडकलाय, आणि त्यांच्या नावाचा कागद आला तर कोणी घ्यायचा. त्या माणसाचं नाव आणि दोघांची सही किंवा अंगठा. बाईला वेगळं विचारायचं, बाईनंच. आणि त्याच ग्रामसभेत ठराव घ्यायचा की ही ही घरं हंगामापुरती बाहेर आहेत, ती परत येईपर्यंत त्यांच्या जमिनीची पाहणी किंवा पंचनामा करू नये. ठरावाची प्रत तहसीलला आणि वनखात्याला देऊन पोच घ्यायची. पोच महत्त्वाची.

हंगामात टोळीतल्या एका शिकलेल्या पोरानं किंवा पोरीनं रोजच्या खेपा लिहायच्या, गाडीचा नंबर, वजन. वजनाची पावती मुकादमाकडं जाते, ती मागायची, फोनमध्ये फोटो काढून ठेवायचा. आल्यावर तिन्ही हिशोब शेजारी मांडायचे, मुकादमाचा, आपला आणि कारखान्याचा. जिथं फरक निघेल तिथं बोलायचं.

भांडण झालं ते मुकादमावरून. मुकादम काही आभाळातून पडलेला नाही, आपलाच चुलता, मावसभाऊ, कुणाचा सासरा आहे. तो कारखान्याकडून नाहीतर वाहतूक ठेकेदाराकडून पैसे उचलतो, टोळीतली दोन माणसं पळाली तर त्याची जमीन जाते. एका तरुण साथीनं बैठकीत विचारलं, माझा बाप मुकादम हाय, त्याची पण वही लिवायची का? सगळे गप्प झाले. शेवटी ठरलं, लिहायची. त्याच्यावर किती आहे तेही लिहायचं, तोही गावातलाच माणूस. पण ग्रामसभेत हिशोब लागेल तेव्हा तो समोर बसेल, खुर्चीवर नाही.

दुसरी भीती बायांनी काढली आणि ती बरोबर आहे. कोणाच्या अंगावर किती बाकी हे वहीत आलं की ते चहाच्या टपरीवर येतं, तिथून सावकाराकडं जातं, आणि सोयरिकीत आडवं येतं. म्हणून वही ग्रामसभेनं निवडलेल्या दोघींच्या ताब्यात राहील, वाचून दाखवायचे ते गावाचे बेरजेचे आकडे, घराचा आकडा त्या घरालाच. फोटो काढून व्हॉट्सअपवर टाकायचा नाही. संघटनेच्या कार्यकर्त्यानंही नाही. आणि कोणत्याही संस्थेला वही पाहिजे असेल तर ग्रामसभेला अर्ज करायचा, गावात येऊन बघायची, घेऊन जायची नाही.

प्रकल्पवाल्यांशी आमचं वैर नाही. त्यांना आम्ही पत्र लिहिलं आहे, त्यात दोनच मागण्या आहेत. पुढचं मूल्यमापन चैत्र-वैशाखात करा, माणसं घरी असताना, आणि त्याआधी एकदा फडावर जाऊन या, दिवसा नाही, पहाटे चारला. आणि जो अहवाल वर पाठवाल तो आधी मराठीत आमच्या ग्रामसभेत वाचा. चुकलं असेल तर लोक तिथंच सांगतील. ज्या कार्यकर्त्यानं रात्री फोन उचलला त्याचा करार मार्चात संपला असं ऐकतोय, त्याचंही काय ते कळवा असं खाली लिहिलं आहे. उत्तर आलं की पुढच्या अंकात छापू.

या अंकाच्या प्रती थोड्या पुसट आल्यात, स्टेन्सिल जुनी आहेत, माफ करा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

१ मे ला ग्रामसभा आहे. लग्नाकार्याला माणसं गावातच असतील, कोणी सोयऱ्याकडं असेल तर सकाळच्या गाडीनं परत या. वहीचं पहिलं पान त्या दिवशी लिहायचं आहे. येताना उचलीचा कागद असेल तर आणा, वजनाच्या पावत्या आणा, तुमच्या मागं दारात किंवा शेजारी आलेलं कोणतंही सरकारी पत्र, फाटलेलं असलं तरी, आणा. पावत्या नसतील तर फोनमधले फोटो चालतील. तेही नसतील तर तसंच या. आठवेल तसं सांगा, आम्ही लिहून घेतो.